अंगावरून गेलेलं वारं

आमच्याकडे एखाद्याचा एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तोंड वाकडे झाले की म्हणतात, 'त्याच्या अंगावरून वारं गेलं.' लहानपणापासून मी हे ऐकत आलो आणि त्यात काही खटकावे असे कधी वाटले नाही. वारे येते, वारे जाते. कोणाच्या अंगावरून जाईल ते सांगता येत नाही. २००९ च्या जानेवारीत ते आमच्या घरात शिरले तेव्हा आम्हीही तेच म्हणालो, आणि वारे गेल्यावर माणसे जे करतात तेच केले. शेकले, तेल चोळले, गोधडी पांघरली आणि वाट पाहिली.

मी डॉक्टर नाही. तालुक्याच्या गावी माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, व्यापाऱ्यांची कॅलेंडरे यांवर घर चालते. शिक्षण बारावीपुढे गेले नाही. मात्र जुन्या पुस्तकांचा आणि त्यातही रोगांच्या नावांचा नाद मला पंचवीस-तीस वर्षे आहे. कोणते नाव कुठून आले, त्यामागे कोणती समजूत होती, हे शोधत बसायला मला आवडते. या लेखातले काही त्या वाचनातून आले आहे, काही डॉक्टर मित्रांना पुन:पुन्हा विचारून, आणि उरलेले आबांच्या खाटेशेजारी सहा वर्षे बसून.

सात तास

आबा तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. बाजारपेठेत आमचे किराणा दुकान. सकाळी सातला आईने चहा दिला. आबांनी बशी उजव्या हातात घेतली आणि ती हातातून निसटली. ते सांडलेल्या चहाकडे बघत राहिले. काहीतरी बोलले, पण शब्द जिभेला चिकटल्यासारखे आले. ओठांचा उजवा कोपरा खाली ओघळला होता. मी समोरच बसलो होतो, म्हणजे हे सगळे मी पाहिले. तरी काय पाहतो आहे ते मला कळले नाही.

"थंडीनं झालं असेल. पडा जरा," आई म्हणाली. आम्ही त्यांना आडवे केले. तेल कोमट करून हाताला चोळले. शेजारच्या तात्यांनी पारव्याच्या रक्ताचा उपाय सुचवला. तो कोणी करायचा यावर थोडी चर्चाही झाली. दहाच्या सुमारास गावातले डॉक्टर आले. त्यांनी रक्तदाब मोजला, २१० वर १२० होता. "शहरात न्या, लगेच," ते म्हणाले. पण 'लगेच'चा अर्थ आम्ही आमच्या सवयीने लावला. भाऊ शेतावर होता, त्याला बोलावले. पैशांची जमवाजमव केली. गाडी ठरवली. आबांना दोन घोट पेज पाजली, त्यांना ठसका लागला. निघेपर्यंत साडेअकरा झाले आणि रुग्णालयाच्या दारात पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "यांना शेवटचं अगदी नीट कधी पाहिलंत?"

"सकाळी सातला."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. स्कॅन झाले. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गाठीने बंद झाली होती. ते शांतपणे म्हणाले, "पहिल्या तीन तासांत आला असतात तर एक इंजेक्शन देता आलं असतं."

मग दुसरा प्रश्न आला. "यापूर्वी असं काही झालं होतं?" आम्ही सगळे एका सुरात 'नाही' म्हणालो. रात्री रुग्णालयाच्या बाकावर बसलो असताना मला अडीच महिन्यांपूर्वीचे लक्ष्मीपूजन आठवले. त्याविषयी पुढे सांगतो.

नावाचा माग

आबांना घरी आणल्यावर मी माझ्या सवयीप्रमाणे शब्दांकडे वळलो. आपल्याकडे या आजाराला तीन-चार नावे आहेत. 'पक्षाघात' म्हणजे शरीराच्या एका पक्षावर, एका बाजूवर झालेला आघात. 'अर्धांगवायू'मध्ये अर्धे अंग आहे आणि वायू आहे. 'लकवा' हा मूळचा अरबी शब्द; तिकडे तो चेहरा वाकडा होण्याला वापरतात. आणि बोलीतले 'वारं'.

हे वारे आयुर्वेदातून आले आहे यात शंका नाही. चरकसंहितेत वातामुळे होणारे ऐंशी विकार मोजले आहेत आणि चिकित्सास्थानात वातव्याधींचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात उजवी किंवा डावी बाजू निकामी होणे आणि वाचा अडणे ही दोन लक्षणे एकाच आजारात एकत्र नोंदली आहेत. केवळ डोळ्यांनी रोगी पाहून केलेले ते निरीक्षण आजही बरोबर ठरते. पण शास्त्रातला वात म्हणजे शरीरातल्या हालचालींना चालवणारे तत्त्व. बाहेरून खिडकीतून येणारी झुळूक नव्हे. शास्त्र बोलीत उतरताना वाताचे वारे झाले, आणि वारे म्हटले की थंडी, मग शेक, मग तेल, मग 'जाईल आपोआप' हे सगळे त्याच्या मागोमाग आले.

युरोपातल्या नावांतही रोगापेक्षा धक्काच जास्त आहे. ग्रीकांचा 'एपोप्लेक्सिया' म्हणजे जोराचा फटका. इंग्रजी 'स्ट्रोक'ही फटकाच. फटका कोणी मारला, तर देवाने, असे लोक समजत. स्वित्झर्लंडमधील योहान याकोब वेप्फर या वैद्याने अशा फटक्याने मेलेल्यांची प्रेते उघडून पाहिली आणि १६५८ मध्ये ग्रंथ लिहून दाखवले की काहींच्या मेंदूत रक्तस्राव झालेला असतो. मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिन्यांचेही त्याने बारकाईने वर्णन केले. आजाराचा पत्ता तिथे लागला. पण जिवंत माणसाच्या मेंदूत गाठ आहे की रक्तस्राव, हे पाहण्यासाठी सीटी स्कॅनची वाट पाहावी लागली. त्याचा पहिला रोगी १९७१ साली लंडनमध्ये तपासला गेला.

आमच्या घरात मात्र २००९ सालीही वारेच होते.

आत काय घडते

मेंदूचे वजन शरीराच्या साधारण दोन टक्के, पण शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के तो एकटा वापरतो. साठा मात्र जवळजवळ काहीच करत नाही. रोजच्या कमाईवर चालणाऱ्या घरासारखी त्याची स्थिती असते. पुरवठा थांबला की काही मिनिटांत उपासमार.

पुरवठा दोन तऱ्हांनी बिघडतो. बहुतेक रुग्णांत रक्ताची गाठ वाहिनीत अडकते. ती तिथेच तयार झालेली असते किंवा हृदयाकडून, मानेतल्या वाहिनीतून वाहत आलेली असते. उरलेल्यांत वाहिनी फुटते आणि रक्त मेंदूत पसरते. यालाच लोक 'ब्रेन हॅमरेज' म्हणतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. उपचार मात्र उलट. पहिल्यात गाठ विरघळवायची, दुसऱ्यात रक्त थांबवायचे. म्हणून स्कॅन केल्याशिवाय कोणताही चांगला डॉक्टर इंजेक्शन देत नाही, आणि म्हणूनच घरी ॲस्पिरिन देणे धोक्याचे. हृदयविकाराच्या झटक्यात ती गोळी देतात हे ऐकून लोक इथेही देतात. फुटलेल्या वाहिनीत ती रक्तस्राव वाढवू शकते.

मोठी वाहिनी बंद झाल्यावर उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब जेफ्री सेव्हर या अमेरिकन डॉक्टरांनी २००६ मध्ये मांडला. तो वाचल्यावर मी आमच्या सात तासांचा गुणाकार करायला बसलो आणि अर्ध्यात सोडून दिला.

पण या गणिताला एक दुसरी बाजूही आहे. गाठीच्या अगदी लगतचा भाग लवकर मरतो. त्याच्या भोवतीचा भाग अर्धपोटी, पण जिवंत असतो. आसपासच्या वाहिन्यांतून त्याला थोडे रक्त मिळत असते. वेळेवर वाहिनी उघडली तर तो वाचतो. सगळी धावपळ या भोवतालच्या भागासाठी असते.

१९९५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गाठ विरघळवणारे अल्टेप्लेज हे औषध पहिल्या तीन तासांत दिल्यावर अधिक रुग्ण अपंगत्वाशिवाय बरे झाले. २००८ मध्ये ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत नेता येते असे दिसले. २०१५ च्या सुमारास अनेक चाचण्यांनी दाखवले की मांडीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन मोठी गाठ ओढून काढता येते. हा उपचार साधारण सहा तासांत, आणि निवडक रुग्णांत स्कॅन पाहून चोवीस तासांपर्यंतही करतात. म्हणून 'उशीर झाला, आता नेऊन काय उपयोग' हे घरच्यांनी ठरवू नये. मात्र प्रत्येक उपचाराचा फायदा मिनिटामिनिटाने घटत जातो.

'बरं'

आबा वाचले. उजवी बाजू गेली ती गेलीच. बोलण्यातला एकच शब्द उरला, 'बरं'. भूक लागली तरी बरं, राग आला तरी बरं, नातीने पहिला नंबर आणला तरी बरं. आवाजाच्या चढउतारावरून आम्ही अर्थ लावायचो. त्यांना आमचे बहुतेक सगळे कळायचे, आणि आपले त्यांना सांगता येत नाही हेही कळायचे. तेव्हा ते डाव्या हाताने खाटेवर मारायचे.

पुढे एका पुस्तकात मला पॅरिसजवळच्या एका रुग्णालयातला माणूस भेटला. तो एकवीस वर्षे तिथे होता आणि काहीही विचारले तरी 'तान' एवढेच म्हणायचा. १८६१ मध्ये तो गेला. पॉल ब्रोका या शल्यवैद्याने त्याचा मेंदू तपासला आणि डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा सापडली. बोलणे घडवणारी जागा अशी कळली. आबांच्या स्कॅनमधला काळसर डाग त्याच बाजूचा होता. मेंदूची डावी बाजू उजवे अंग चालवते आणि बहुतेकांची वाचाही तिथेच असते. म्हणून उजवा हात आणि वाचा एकाच वेळी जाताना दिसतात. चरकातली नोंद मला त्या दिवशी पुन्हा आठवली.

हसू, हात, हाक

हृदयविकारात छातीत कळ येते आणि माणूस घाबरून दवाखाना गाठतो. मेंदूच्या पेशींना वेदना होत नाहीत. रक्तस्रावात कधी कधी भयंकर डोके दुखते, पण गाठीच्या पक्षाघातात बहुतेकदा काहीच दुखत नाही. शिवाय उजव्या मेंदूला इजा झाली तर रुग्णाला आपला डावा हात हलत नाही हेच उमगत नाही. 'मला काही झालेलं नाही, उगाच कालवा करू नका,' असे तो ठामपणे म्हणतो आणि घरचे त्याचे ऐकतात. म्हणून निर्णय रुग्णाचा नसतो. जो समोर बसला आहे, त्याचा असतो.

इंग्लंडमध्ये रुग्णवाहिकेवरच्या लोकांसाठी चेहरा, हात आणि बोलणे अशी तीन पायऱ्यांची चाचणी तयार झाली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांतून 'फास्ट' हा शब्द होतो. आमच्या छापखान्यासाठी मी त्याला मराठी रूप दिले, ते असे:

हसू. दात दाखवून हसायला सांगा. एक कोपरा ओघळलेला राहतो का?

हात. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा. एक हात आपोआप खाली येतो का?

हाक. घरातल्या कोणाला तरी पूर्ण वाक्यात हाक मारायला सांगा. शब्द जड येतात का, भलतेच येतात का, की बोललेलेच कळत नाही?

तिघांतले एक जरी अचानक बिघडले असेल तर तो पक्षाघात समजून निघायचे. 'अचानक' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. अचानक तोल जाणे, एका डोळ्याने दिसेनासे होणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, यापूर्वी कधी नव्हती अशी तीव्र डोकेदुखी होणे, हेही त्यातच धरावे.

मग घड्याळ पाहायचे. माणूस शेवटचा नीट कधी होता ती वेळ कागदावर लिहायची. तो सकाळी उठतानाच असा आढळला तर झोपायला गेला ती वेळ. १०८ ला किंवा हाताशी असलेल्या गाडीवाल्याला फोन करायचा. सीटी स्कॅन आणि गाठ विरघळवणारे इंजेक्शन जिथे आहे तिथेच थेट जायचे आणि निघताना तिथे कळवायचे. असे रुग्णालय आपल्याला सर्वांत जवळ कोणते, हे आज, सगळे ठीक असताना विचारून ठेवावे. आमच्या तालुक्यात हे मी विचारत फिरलो तेव्हा अनेक शिकलेल्या घरांतही कोणाला सांगता आले नाही.

न करायच्या गोष्टीही तितक्याच महत्त्वाच्या. पाणी, चहा, पेज काही पाजू नये. गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते आणि अन्न श्वासनलिकेत जाते. आबांचा ठसका त्याचाच होता. रक्तदाबाची गोळी जिभेखाली ठेवू नये, दाब एकदम उतरला तर अर्धपोटी मेंदूचे उरलेले रक्तही तुटते. चोळणे, शेकणे, कांदा हुंगवणे यात मिनिटे जातात. मधुमेही माणसाची साखर घरच्या यंत्रावर पाहता आली तर पाहावी, कारण साखर फार उतरली तरी अगदी अशीच लक्षणे दिसतात. पण यंत्र शोधण्यात वेळ घालवू नये.

लक्ष्मीपूजनाची वही

आता ते लक्ष्मीपूजन. दरवर्षी आबा नव्या चोपडीच्या पहिल्या पानावर 'श्री' लिहीत. २००८ च्या दिवाळीत लिहिता लिहिता पेन हातातून गळाले. उचलायला गेले तर बोटे वळेनात. आठ-दहा मिनिटे हात तसाच राहिला, मग पूर्ववत झाला. "दिवसभर वजनं उचलली ना," असे म्हणून सगळे हसले. 'श्री' अर्धा होता, तो त्यांनी पूर्ण केला. ती चोपडी अजून माझ्याकडे आहे. जोड स्पष्ट दिसतो.

तो छोटा पक्षाघात होता. गाठ अडकली आणि स्वतःच विरघळून वाहून गेली. अशा घटनेनंतर तीन महिन्यांत सुमारे दहांतल्या एकाला मोठा पक्षाघात होतो आणि त्यांतल्या निम्म्यांना पहिल्या दोन दिवसांतच, असे अमेरिकेतल्या एका अभ्यासात २००० साली आढळले. उलट अशा रुग्णांना ताबडतोब तपासून औषधे सुरू केली तर लवकर येणाऱ्या पक्षाघाताचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी घटला, असे ऑक्सफर्डच्या २००७ च्या अभ्यासाने दाखवले. म्हणजे आपोआप बरे झालेले लक्षण हे सोडून द्यायचे लक्षण नव्हे. त्याच दिवशी रुग्णालयात जायचे. आमचे ते दहा मिनिटांचे हसणे मला आजही ऐकू येते.

गडचिरोलीचा धडा

हा शहरातल्या, सुखवस्तू लोकांचा आजार आहे असा माझा समज होता. तो गडचिरोलीने मोडला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेत डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ खेड्यांतल्या मृत्यूंची दोन वर्षे नोंद ठेवली. घरोघर जाऊन, मृत्यूआधी काय झाले ते विचारून कारणे ठरवली. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताचे होते, म्हणजे सातांतला एक. कोणत्याही दुसऱ्या कारणाने इतके लोक गेले नव्हते. आणि पक्षाघाताने गेलेल्यांपैकी ८७ टक्के घरीच गेले.

हा घरीच गेल्याचा आकडा मी बराच वेळ पाहत होतो. तिथली अंतरे, रस्ते आणि गरिबी यांचा त्यात मोठा वाटा असणार. आमच्याकडे तर रस्ता होता, गाडी होती, पैसेही उभे राहिले. तरी सात तास लागले.

मग मुळाशी जायचे तर काय? कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातून चाललेल्या 'इंटरस्ट्रोक' अभ्यासात भारतासह ३२ देशांतले रुग्ण होते. जगभरातल्या पक्षाघाताच्या सुमारे ९० टक्के धोक्याचा संबंध दहा कारणांशी लागतो, असे त्यातून २०१६ मध्ये दिसले. त्यांतली बहुतेक बदलता येण्यासारखी आहेत: धूम्रपान, मधुमेह, पोटाचा घेर, बैठेपणा, आहार, दारू, रक्तातली चरबी, मनावरचा ताण, हृदयाचे विकार. आणि यादीच्या डोक्यावर, इतरांपेक्षा कितीतरी वर, उच्च रक्तदाब.

रक्तदाबाला आवाज नसतो. आबांना गोळी सुरू होती. वर्षभर घेतली, मग 'आता बरं वाटतंय' म्हणून सोडली. गोळीमुळे बरे वाटत होते, हे त्यांना कोणी समजावले नाही आणि आम्ही विचारले नाही. वय वाढले की दाब वाढायचाच, असे एकेकाळी डॉक्टरही मानत. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब शेवटच्या वर्षात सतत चढलेला होता. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने ते गेले, तेव्हा तो ३०० वर १९० मोजला गेला. जगातल्या सर्वांत मोठ्या सत्ताधीशाला जे औषध मिळू शकले नाही, ते आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. वरचा आकडा १० ने उतरवला तरी पक्षाघाताचा धोका साधारण एक चतुर्थांशाने कमी होतो.

म्हणून तिशीनंतर वर्षातून एकदा तरी दाब मोजावा, पाच मिनिटे शांत बसून, हात छातीच्या पातळीला ठेवून. १४० वर ९० किंवा त्याहून जास्त पुन:पुन्हा आला तर औषध आणि ते न सोडणे. मीठ माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका चहाच्या चमच्यापेक्षा कमी असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड, फरसाण आणि ताटातल्या कोपऱ्यातले मीठ मिळून आपण सहज त्यापुढे जातो. तंबाखूबद्दल बोलताना आपण विडी-सिगारेटच मोजतो, पण महाराष्ट्रात मळलेली तंबाखू, मशेरी आणि गुटखा यांचेच प्रमाण जास्त. जीवघेण्या पक्षाघाताचा धोका त्यांनीही वाढतो. नाडी अनियमित लागत असेल तर हृदयाचा आलेख काढावा. हृदयाचे वरचे कप्पे थरथरत राहण्याच्या विकारात तिथे गाठी धरतात आणि पक्षाघाताचा धोका जवळपास पाचपट होतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांनी तो बराच खाली येतो.

आबा २०१५ मध्ये गेले. त्यानंतर मी व्यापाऱ्यांच्या कॅलेंडरांवर, ऑक्टोबरच्या पानाच्या तळाशी, 'हसू, हात, हाक' छापायला लागलो. २९ ऑक्टोबर हा जागतिक पक्षाघात दिन आहे आणि तो दिवाळीच्या आसपास येतो. एका दुकानदाराने तक्रार केली की सणाच्या पानावर आजारपण कशाला. दोन वर्षांपूर्वी त्याच्याच वहिनींचे तोंड स्वयंपाकघरात वाकडे झाले. मुलीने कॅलेंडरवरचे वाचलेले होते. पावणेदोन तासांत त्या रुग्णालयात होत्या. आता दुकानात बसतात. बोलताना क्वचित एखादा शब्द अडतो, एवढेच.

'अंगावरून वारं गेलं' हे बोलीतून काढून टाका असे मी म्हणणार नाही. शब्द असे काढून टाकता येत नाहीत, आणि मला तर ते जपायची खोड आहे. पण ते वाक्य तोंडातून निघाले की त्याच श्वासात घड्याळाकडे पाहावे. आमच्या घरी त्या सकाळी सात वाजता घड्याळ समोरच्याच भिंतीवर होते.